सर, हिस्टरी चॅनल का सोडलंत?

"सर, एवढं हिस्टरी चॅनल बघायचात, मग सोडलंत का?" जुने विद्यार्थी भेटले की दोन वाक्यांनंतर हा प्रश्न येतोच. लग्नाच्या मांडवात येतो, एसटी स्टँडवर येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून नीट सांगतो, कारण उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही.

कन्नड तालुक्यातल्या शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. भारतात हे चॅनल २००३ साली आलं आणि केबलवाल्याच्या मागे लागून मी ते आमच्या गावात चालू करवून घेतलं. रात्री जेवणं उरकली की वही-पेन घेऊन बसायचो. रोम, इजिप्त, दुसरं महायुद्ध. लढायांपेक्षा मला सांगायची रीत भावली होती. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ५ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरायचं होतं, वादळामुळे ते एक दिवस पुढे गेलं, एवढं सांगून भागत नसे. हवामानाचा नकाशा समोर यायचा, त्या दिवशी बोटीत असलेला म्हातारा सैनिक बोलायचा, मग अभ्यासक यायचा आणि कागद आणि आठवण यांचा मेळ कुठे बसतो, कुठे बसत नाही ते दाखवायचा. आपल्या पाठ्यपुस्तकात 'इतिहासाची साधने' असा धडा असतो. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात. तो धडा चालताबोलता झालेला मी पहिल्यांदा तिथे पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तसाच सांगू लागलो.

मग चॅनल बदलत गेलं. आपल्याकडे तर नावावरूनच कळलं. २००८ मध्ये ते 'फॉक्स हिस्टरी अँड एंटरटेनमेंट' झालं, २०११ मध्ये 'फॉक्स ट्रॅव्हलर' आणि २०१४ मध्ये 'फॉक्स लाइफ'. इतिहासाकडून करमणुकीकडे, तिथून प्रवासाकडे, आणि शेवटी राहणीमानाकडे. २०११ मध्येच 'हिस्टरी टीव्ही १८' या नावाने मूळ चॅनल नव्याने आलं तेव्हा मी शाळेत पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण तोवर अमेरिकेतलं मूळ घरच बदललेलं होतं.

तिथे ते १ जानेवारी १९९५ ला सुरू झालं. महायुद्धावर इतके कार्यक्रम असत की प्रेक्षक त्याला 'हिटलर चॅनल' म्हणत. २००७ मध्ये कॅनडात गोठलेल्या तळ्यांवरून हिऱ्यांच्या खाणींकडे माल नेणाऱ्या ट्रकचालकांची मालिका आली, 'आइस रोड ट्रकर्स'. पहिलाच भाग सुमारे ३४ लाख लोकांनी पाहिला. पुढच्या वर्षी चॅनलने आपल्या नावातला 'चॅनल' हा शब्दच टाकून दिला. २००९ मध्ये गहाणवटीच्या दुकानावरची 'पॉन स्टार्स', २०१० मध्ये प्राचीन काळी परग्रहावरचे इथे येऊन गेले असं सुचवणारी 'एन्शंट एलियन्स'ची मालिका. जुने प्रेक्षक चिडले. यात हिस्टरी कुठे आहे, हा तिथला परवलीचा सवाल झाला. ज्यांनी 'हिटलर चॅनल' म्हणून नावं ठेवली होती, तेही त्याच हिटलरच्या आठवणी काढू लागले. 'एन्शंट एलियन्स'मध्ये बोलणाऱ्या, केस पिंजारलेल्या एका गृहस्थांचा फोटो तर जगभर फिरला, ज्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिला नाही त्यांच्या मोबाइलपर्यंत.

हे एकट्या हिस्टरीचं झालं असंही नाही. १९८१ मध्ये फक्त गाण्यांसाठी निघालेल्या एमटीव्हीवर गाणी शोधावी लागू लागली. टीएलसी तर १९७२ मध्ये नासाच्या सहभागाने शिक्षणासाठी सुरू झालेलं, 'द लर्निंग चॅनल'. तिथे पुढे घरगुती भांडणं आणि लग्नाचे पोशाख आले. जाहिरातीवर जगणाऱ्या चॅनलला मूठभर वेड्या प्रेक्षकांवर भागवता येत नाही. जुनी चित्रफीत विकत घ्यायची, अभ्यासक गाठायचे, देशोदेशी जायचं, यापेक्षा एका दुकानात कॅमेरा लावून बसणं स्वस्त पडतं. हे मला कळतं, आणि त्यांचा संसार त्यांनी कसा चालवावा हे मी सांगणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि इथे माझं जुन्या चाहत्यांशीही पटत नाही. ते 'पॉन स्टार्स'वर जास्त चिडले. मला तो कार्यक्रम आवडायचा. लास व्हेगासमधलं गहाणवटीचं दुकान. कोणी तलवार घेऊन येतो आणि म्हणतो, ही अमक्या लढाईतली, आमच्या पणजोबांची. दुकानदार लगेच पैसे देत नाही. जाणकाराला बोलावतो. तो मूठ बघतो, पात्यावरचा शिक्का बघतो, आणि सांगतो की पातं खरं, मूठ नंतरची. झालं, किंमत निम्म्यावर! वस्तू, तिच्याविषयीचा दावा, तपासणी, निकाल. हेच तर मी धड्यात शिकवत होतो. त्या दुकानात इतिहास जिवंत होता, कारण "कशावरून?" हा प्रश्न तिथे रोज विचारला जात होता.

'एन्शंट एलियन्स'मध्ये तो प्रश्न गेला. त्याच्या जागी आलं, "असं तर नसेल?" पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले असतील, असं तर नसेल? यावर पुरावा द्यावा लागत नाही, कारण दावा केलेलाच नसतो. आणि हे सगळं 'इतिहास' अशी पाटी लावलेल्या घरातून येत होतं. मी रिमोट ठेवला तो त्या वेळी.

कारण आमचं गाव वेरूळपासून लांब नाही. या एलियन लाटेत आमचं कैलास लेणंही सापडलं. एके दिवशी नववीतल्या एका हुशार मुलाने वर्गात हात वर केला. "सर, कैलास माणसांनी कोरलंच नाही ना? टीव्हीवर सांगितलं." त्याच्या घरातली माणसं दगडाच्या खाणीत कामाला जात होती. ज्या हातांनी त्याचं घर चालत होतं तसल्याच हातांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाठ बाजूला ठेवला आणि बडोद्याला मिळालेल्या ताम्रपटाची गोष्ट सांगितली. राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याचा, शके ७३४ मधला, म्हणजे इसवी सन ८१२-१३ चा. त्यात लिहिलंय की कृष्णराजाने एलापुरला शिवाचं मंदिर घडवलं. हे वर्णन वेरूळच्या कैलासाचं आहे, असं रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. विमानातून जाणाऱ्या देवांनीही ते पाहून तोंडात बोटं घातली, असं त्यात आहे. हे ऐकताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, विमान आहे की!" मी म्हटलं, आहे ना, पुढची ओळ ऐका. ज्याने ते मंदिर घडवलं तो शिल्पीच थक्क होऊन म्हणतो, हे माझ्या हातून कसं झालं? विमानवाले बघे होते. कोरणारा खाली उभा होता, छिन्नी घेऊन.

मग बाकीचं सांगितलं. कैलासाला मागचा वंश आहे. कांचीचं कैलासनाथ, पट्टदकलचं विरूपाक्ष, आणि त्या वळणावर वेरूळ. आपल्याकडच्या जुन्या कथेत राणी नवस करते की कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, आणि पैठणचा कोकस नावाचा शिल्पी वरून खाली कोरायला घेतो, म्हणजे कळस आधी तयार. कथा आहे, पुरावा नव्हे, हेही मी मुलांना सांगतो. पण काम वरून खाली झालं, ही गोष्ट लोकांनी गोष्टीतून जपली.

त्या डिसेंबरपासून सहलीचा क्रम मी बदलला. आधी सोळा नंबरला, म्हणजे कैलासाला, नेत नाही. आधी तीस नंबर, छोटा कैलास. जैन लेणं, अर्धवट राहिलेलं. कुठे आकार बाहेर आलाय, कुठे नुसता काळा खडक. पूर्ण झालेलं काम बघून माणूस थक्क होतो, पण काम कसं होतं ते अपुऱ्या कामातच दिसतं. नंतर कैलासाच्या अंगणात उभं राहून मान वर केली की शंभर फुटांच्या आसपास उंच कडा दिसतो, आणि हाताशी येणाऱ्या भिंतीवर छिन्नीचे ओरखडे.

पहिल्या सहलीत तो मुलगा त्या ओरखड्यांपाशी बराच वेळ थांबला होता. सगळे एका बाजूने तिरके आहेत हे त्यानेच मला दाखवलं. मग म्हणाला, "सर, हा उजव्या हाताचा माणूस होता का हो?"

मी त्याला म्हटलं, वहीत लिही, आणि पलीकडच्या भिंतीवरचे बघून ये.