वन्संचा नवस, माझे पाय

नवस बोलल्या वन्सं, पण त्यात पाय माझेही घातले. ह्यांच्या बायपासच्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या जिन्यात उभं राहून म्हणाल्या, "भीमाशंकरा, माझ्या भावाला सुखरूप घरी येऊ दे, आम्ही दोघी तीन श्रावण खालून चढून येऊ." मी शेजारीच होते. त्या घटकेला कोण नाही म्हणणार? यंदा तिसरा श्रावण.

खालून म्हणजे कर्जतच्या खांडसहून. घाटावरून एस.टी. थेट देवस्थानापर्यंत जाते, पण तसं गेलं तर नवस फिटत नाही, असं वन्संचं मत. पहिल्या वर्षी शिडी घाटानं गेलो. कातळावरचं पाणी डोक्यावर, हातात गार लोखंड आणि खालून वन्संचा "हर हर महादेव". देवाचं नाव ऐकून एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता. नंतर दोन्ही वर्षं गणेश घाट. लांबचा आहे, पण शिड्या नाहीत.

खांडसचा पूल, गणपतीचं देऊळ, पदरगडाचा नुसता खालचा भाग (वरचा ढगात), विहिरीजवळच्या झोपडीतला गुळमट चहा. कुठली सर कुठल्या वर्षीची, तेही आता सांगता येत नाही. पदरवाडीपर्यंत वाट चुकत नाही, सोमवारची माणसं मागेपुढे असतात. पुढं रान लागतं आणि खरी चढण सुरू होते. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस नाहीसा होतो.

मुलानं हौसेनं घेतलेले नवे बूट पायात होते. पदरवाडीतच डावी टाच बोलायला लागली होती. वन्सं आपल्या पावसाळी प्लास्टिकच्या सँडलात, हरिपाठ पुटपुटत, सरळ पुढं. त्यांच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, पंढरीची वारी. चालणं त्यांच्या अंगात आहे. मी मात्र त्या घरात सून म्हणून आलेली. "वन्सं, थांबा जरा" म्हटलं की त्या थांबत, मी गाठलं की लगेच निघत. म्हणजे विसावा फक्त त्यांना.

वाटेवर कुणी कुणी पांढऱ्या रंगाचे बाण काढलेत. एका ठिकाणी तीन वाटा फुटत होत्या आणि एका दगडावर ठळक बाण होता. तो धरून आम्ही पाऊणएक तास गेलो. कारवी खांद्याच्या वर, वाट आडवी आडवी जायला लागली, मग उतारच. चढायचं सोडून उतरतोय का आपण, असं मी दोनदा म्हटलं. "बाण होता ना?" वन्सं म्हणाल्या. पुढं वाटच संपली. शेणाचे पो, चिखल आणि समोर पांढरं धुकं. खाली किती खोल आहे ते कळेना.

मी मटकन खाली बसले, बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. सोडवला तशी फोडाची कातडी त्याच्याबरोबर आली, आणि मी रडले. फोडापायी नाही. त्या जिन्यात मला रडायला वेळच मिळाला नव्हता, सगळं वन्संनीच रडून घेतलं होतं. वन्सं काही बोलल्या नाहीत. पुटपुटणंही थांबलं.

"ओ बाय, हिकडं कुटं? ही ढोरांची वाट. म्होरं कडा हाय."

वरच्या अंगाला एक म्हातारी उभी होती. डोक्यावर बेलाची पाटी, हातात काठी. आमचा आवाज ऐकून वाट सोडून आली होती. वन्संनी बाणाचं सांगितलं तर हसायलाच लागली. तो दगड पावसात वरनं घरंगळत आलेला. बाण खरा, दगड फिरलेला.

माझी टाच तिनं वाकून पाहिली. मग काही न बोलता स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. निळ्या, प्लास्टिकच्या, डाव्या चपलेचा पट्टा तांब्याच्या तारेनं आवळलेला, तारेचं टोक रुतू नये म्हणून आत दुमडलेलं. "आजी, तुम्ही?" तर म्हणे, "मला चपलंतच ठेच लागते." माझे बूट पाटीत टाकावेत असं मी सुचवलं तेव्हा मात्र ती आणि वन्सं एकदमच ओरडल्या. देवाच्या बेलावर खेटरं! नाड्या एकमेकींना बांधून तिनं ते काठीला अडकवले आणि पुढं झाली. चढावर तिच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोर. भेगाळलेल्या, चिखलानं लिंपलेल्या, कुठंही न घसरणाऱ्या. चपला मला दोन बोटं आखूड होत्या, पण टाच मोकळी राहिली.

वर दर्शनाला साडेतीन तास रांग. शिखर नाना फडणवीसांचं, घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, असं कुणीतरी पुढं आपल्या पोरांना सांगत होतं. भीमेच्या उगमाचं पाणी डोळ्यांना लावून वन्सं म्हणाल्या, "हीच पुढं चंद्रभागा." पिंडीवर हात टेकतोय तोच "चला, चला, पुढं चला." देवाला ह्यांचं काही सांगायचं राहूनच गेलं.

म्हातारी पायऱ्यांच्या कडेला पोत्यावर बसली होती, माझे बूट शेजारच्या बांबूला टांगलेले. बेल आम्ही तिच्याकडूनच दहा रुपयांचा घेतला होता. पन्नासची नोट दिली तर चाळीस मोजून परत. आताही काही घेईना. मी चपला पुढं ठेवल्या. तिनं डावी उलटी करून तार चाचपून पाहिली, मग पायात घातली.

"म्होरल्या साली येताव ना?"

नवस फिटला होता. तीन म्हणजे तीन. मी तोंड उघडायच्या आत वन्सं "येणार तर!" म्हणून मोकळ्या झाल्या.