टाउन जाळीचा पूल, 1:30 : पहिला ट्रस उतरला, दुसरा फरम्यावर

लाकडी पुलाच्या मॉडेलचा पहिला ट्रस, म्हणजे भार पेलणारी बाजूची चौकट, फरम्यावरून (जुळणीच्या पाटावरून) उतरला आहे. दुसऱ्याच्या मधल्या जाळीला खुंट्या ठोकून झाल्या, कॉर्डच्या, म्हणजे वर-खाली आडव्या जाणाऱ्या फळ्यांच्या, बाकी आहेत. जमीन आणि छप्पर अजून कागदावरच. दोन्ही ट्रसमध्ये गोंदाचा थेंब नाही आणि पुढेही पडणार नाही. बाकी सगळ्या बाबतीत तडजोड चालेल, या एका बाबतीत नाही. कारण खाली येईलच.

मॉडेल अमेरिकेतल्या छपराच्या लाकडी पुलाचं आहे. पूर्ण पूल नाही, मधला 48 फुटांचा तुकडा. 1:30 ला तो 488 मिमी होतो, म्हणजे कपाटाच्या फळीवर मावतो. इथिएल टाउनने या जाळीचं पेटंट 1820 मध्ये घेतलं. मोठे तासलेले वासे, अवघड सांधे असलं काही नाही. एकाच मापाच्या फळ्या एकमेकींवर तिरप्या टाकायच्या आणि जिथे छेदतात तिथे ओकच्या खुंट्या ठोकायच्या. गावातला साधा सुतारही बांधू शकेल असा पूल. टाउन स्वतः बांधकामापेक्षा परवानगी विकायचा: फुटामागे एक डॉलर, न विचारता बांधलेला सापडला तर दोन.

मापं नेहमीच्या टाउन जाळीची घेतली आहेत, कुठल्याच एका पुलाची हुबेहूब नाहीत. म्हणून पाटीवर नंबर टाकणार नाही. नॅशनल सोसायटी फॉर द प्रिझर्वेशन ऑफ कव्हर्ड ब्रिजेस ही 1950 सालची संस्था. तिच्या जागतिक यादीत प्रत्येक पुलाला राज्य-काउंटी-पूल असा नंबर असतो. राज्यं आणि काउंट्या वर्णानुक्रमाने, त्यामुळे व्हरमाँट 45, न्यू हॅम्पशायर 29, पेनसिल्व्हेनिया 38. कॉर्निश-विंडसर पूल दोन राज्यांच्या सीमेवर आहे म्हणून त्याला दोन नंबर: 45-14-14 आणि 29-10-09. त्याच जागी पूल नव्याने बांधला की नंबरापुढे #2 लागतो. ज्यांना ठरावीक पूल करायचा आहे त्यांनी आधी हा नंबर शोधावा, कारण एकाच नावाचे पूल ढिगाने आहेत. मोजमापांसाठी अमेरिकन सरकारच्या हेअर (HAER) या जुन्या बांधकामांच्या नोंदींच्या उपक्रमाची रेखाचित्रं वापरा. 2002 पासून त्यांनी छपराच्या पुलांची पद्धतशीर मोजणी केली आणि ती चित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात.

1:30 हे प्रमाण विचित्र वाटेल, पण ते खुंटीवरून ठरलं आहे. खऱ्या खुंट्या साधारण दीड ते दोन इंच जाड असतात. दीड इंच म्हणजे 1:30 ला 1.27 मिमी, आणि मशीनच्या अगरबत्तीची बांबूची कच्ची काडी 1.3 मिमीची येते. मसाला न लावलेली काडी किलोवर मिळते. 3 × 11 इंची फळी होते 2.5 × 9.3 मिमी. 1:24 ला दातकोरण्या आणि 1:35 ला पितळी तार वापरलेली मॉडेलं पाहण्यात आहेत. दातकोरणीचं लाकूड ठोकताना चुरगळतं, तारेला लाकूड धरत नाही.

एका ट्रसचा हिशोब असा. तिरप्या फळ्या 45 अंशांत, कॉर्डवर दर 4 फुटांनी, म्हणजे 40.6 मिमीवर. वरच्या आणि खालच्या कॉर्डमध्ये 12 फूट, म्हणजे 122 मिमी. पूर्ण लांबीच्या फळ्या 20, प्रत्येकी 193 मिमी. कडेला कापलेल्या 8, त्यातल्या चार 135 च्या आणि चार 78 च्या. शिवाय कोपऱ्यांत चार बारके तुकडे. कॉर्ड चार: अगदी तळाची आणि अगदी वरची प्रत्येकी चार फळ्यांची, त्यांच्या आतल्या बाजूच्या दोन दुय्यम कॉर्ड प्रत्येकी दोन फळ्यांच्या. दोन्ही ट्रस मिळून 22 मीटर पट्टी लागते, वाया जाणारी धरून 26 मीटर काढा. खुंट्या मुख्य कॉर्डच्या छेदावर चार, दुय्यमवर तीन, मधल्या जाळीत दोन. एका ट्रसला 252, दोन्हींना 504.

लाकूड पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन. मूळ पूल बहुतेक स्प्रूसचे, त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेच स्वस्तात मिळतं. पेटीतल्या दहा फळ्यांतून दोन कामाच्या निघतात: लाकडाची रेषा (तंतू) सरळ, गाठ नाही, वर्षवलयं दाट. सागवान नको. त्याची रेघ या प्रमाणात दोरखंडाएवढी जाड दिसते. जाडीकडे रुंदीपेक्षा जास्त लक्ष द्या. मुख्य कॉर्डच्या छेदावर सहा थर येतात, प्रत्येक थरात 0.1 मिमी चूक झाली तर एकूण 0.6 ची होते आणि दुय्यम कॉर्ड जाळीला टेकतच नाही. पट्ट्या 2.7 ला कापून, सपाट काचेवर चिकटवलेल्या 180 नंबरच्या पॉलिश पेपरवर 2.5 ला आणाव्यात.

रंगाचं काम भोकं पाडायच्या आधी. नंतर ओलं केलं की भोकं फुगून वाकडी होतात. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कोऱ्या कडक चहाचा हात, तो सुकला की व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवलेलं पाणी. राखाडी रंग काही मिनिटांत उतरतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी यात टाकून दोन दोन दिवस वाट पाहणारे बरेच आहेत. ती स्टेनलेस असते, काही होणार नाही. हार्डवेअरच्या दुकानातली 0000 नंबरची स्टील वूल घ्या, नाहीतर गंजके खिळे. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो. बांबूवर हा रंग फारसा चढत नाही, खुंट्या फिक्या राहतात. राहू द्या, मांडणी नीट दिसते.

फरमा म्हणजे 12 मिमी प्लायवर चिकटवलेलं पूर्ण मापाचं चित्र आणि कडेला गुण्यात (काटकोनात) लावलेल्या दोन पट्ट्या. थर खालून वर असे येतात: मुख्य कॉर्डच्या दोन फळ्या, एका दिशेची जाळी, दुसऱ्या दिशेची जाळी, मग पुन्हा कॉर्डच्या दोन. मुख्य कॉर्डमुळे जाळी तळापासून 5 मिमी वर राहते. म्हणून मधल्या भागाखाली 5 मिमीची आणि दुय्यम कॉर्डखाली 2.5 मिमीची पट्टी सरकवावीच लागते. ती विसरली की ड्रिलच्या दाबाने जाळी खाली झोल खाते, भोक तिरकं जातं आणि फरम्यावरून उचलल्यावर ट्रसला पीळ पडलेला दिसतो. एकदा पडलेला पीळ निघत नाही.

कॉर्डचे जोड ही या पुलातली सगळ्यात हुशारीची गोष्ट. फळ्या 16 फुटी, मॉडेलमध्ये 163 मिमी. चार फळ्यांचे जोड एकेका खणाने, म्हणजे 40.6 मिमीने पुढे सरकवायचे. मग प्रत्येक खणात नेमका एकच जोड येतो आणि उरलेल्या तीन फळ्या तिथे सलग राहतात. जोड नुसता टोकाला टोक, मध्ये काही नाही. ताण खुंट्यांमधून शेजारच्या फळीत जातो. दुय्यम कॉर्डला दोनच फळ्या, तिथे जोड दोन खणांनी सरकवा. आणि जोड खणाच्या मधोमध ठेवा, छेदावर आला तर खुंटीला धरायला फळीच उरत नाही.

आता भोकं. सगळे थर एकत्र दाबून एकदमच पाडायची, सुटी पाडून जुळवायची नाहीत. 1.3 मिमीच्या साध्या ड्रिल बिटाला खाचा 16 मिमीच असतात आणि मुख्य कॉर्डची जाडी 15 च्या वर आहे. म्हणजे शेवटी भुसा बाहेर यायला जागाच राहत नाही. दर 3 मिमीला बिट बाहेर काढून साफ करा. तसं न केल्यास बिट तापतं, रेषेच्या बाजूने भरकटतं आणि आत मोडतं. मोडलेलं बिट काढायच्या नादात फळी जाते. त्याच्या शेजारी खुंटी ठोका आणि पुढे चला. वर पितळेच्या ठोकळ्याचा मार्गदर्शक आणि खाली टाकाऊ पट्टी हवीच, नाहीतर मागच्या बाजूला चिरफळ्या निघतात.

चार खुंट्यांची मांडणी सरळ चौकोनात करू नका. आडवा चौकोन केला तर दोन खुंट्या कॉर्डच्या एकाच रेषेत येतात, 45 अंशांत फिरवला तर जाळीच्या. दोन्हीकडे फळी त्या रेषेवर उभी फाटते. 4 मिमी बाजूचा चौकोन साधारण 20 अंश फिरवला की कुठल्याच फळीच्या रेषेवर दोन खुंट्या येत नाहीत आणि कडेपासून 2 मिमी अंतरही राहतं. ठोकळ्यात ही चार भोकं एकदाच नीट पाडून घ्या, तोच पुढे सगळीकडे चालतो.

तिरप्या फळ्यांची टोकं कॉर्डच्या मध्यापासून 10 मिमी पुढे सोडली आहेत. देखणेपणासाठी कापून टाकायचा मोह होतो, कापू नका. खुंटी टोकाकडची शीर ढकलते, तिथे लाकूड कमी असेल तर तुकडा निघून येतो. खऱ्या पुलांत खालच्या कॉर्डखाली लोंबणारी ही टोकं आधी कुजतात, पुरात ओंडक्यांचा मारही त्यांनाच बसतो. दुरुस्तीच्या फोटोंत नव्या लाकडाचे फिके तुकडे बहुतेक तिथेच दिसतील.

काड्या ठोकण्याआधी सोनारांकडे असते तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून 1.35 ला ओढून घेतल्या. 1.2 च्या निघतात त्या बाद. लांबी मुख्य कॉर्डसाठी 18, दुय्यमसाठी 13, जाळीसाठी 8 मिमी. टोक शार्पनरमध्ये एक फेरा. मग सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात. फळ्या मात्र खोलीतल्या हवेतच ठेवायच्या. कोरडी खुंटी ठोकल्यावर हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि घट्ट बसते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या काड्या ठोकल्या तर मार्चमध्ये त्या बोटाने फिरतात. कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी हे सोडू नये.

ठोकायचा क्रम मधून कडेकडे. आधी प्रत्येक छेदावर एकच खुंटी, मग दोन्ही कर्ण मोजायचे. फरक अर्ध्या मिमीपेक्षा कमी असेल तर बाकीच्या. सगळ्या खुंट्या बसल्यावर चौकोन सुधारता येत नाही. ठोकून झाल्यावर टोकं घासून सपाट करू नका, खऱ्या पुलातही ती दोन्हीकडे बाहेर आलेली असतात.

सुटा ट्रस उभा करून वर वजन ठेवलं की तो खाली वाकायच्या आधी आडवा वळतो. हा मूळ रचनेतलाच दोष आहे: एका थरातल्या फळ्या दाबल्या जातात, शेजारच्या थरातल्या ताणल्या जातात, आणि दोन्ही एका पातळीत नसल्याने पीळ बसतो. टाउनने 1835 मध्ये दुहेरी जाळीचं दुसरं पेटंट घेतलं, त्याने ताठपणा वाढला. न्यू हॅम्पशायरचा काँटूकूक रेल्वेपूल (1889) त्या दुहेरी जाळीचा आहे. 1936 आणि 1938 च्या पुरांत तो पायांवरून सरकला, दोन्ही वेळा परत बसवला. तेव्हा भाराची गंमत बघायची असेल तर दोन्ही ट्रस वरच्या तुळयांनी आणि कोपऱ्यांतल्या तिरप्या आधारांनी बांधल्यावरच.

आता गोंदाबद्दल. फेव्हिकॉल लावलं तर पाव वेळात ट्रस होतो आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. पण मग खुंट्या शोभेच्या. जुन्या पुलांच्या जतनवाल्यांचं जुनं भांडण नेमकं हेच आहे. कितीतरी पुलांच्या जमिनीखाली पोलादी तुळया घातल्या गेल्या. गाडीचा भार त्या उचलतात आणि ट्रस फक्त स्वतःचं आणि छपराचं ओझं धरून उभा असतो. पर्यटकाला फरक दिसत नाही, यादी करणाऱ्याला दिसतो. उलट व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकचा मिडल ब्रिज 1969 चा, वयाने लहान, पण मिल्टन ग्रॅटनने तो टाउन जाळीत खुंट्या ठोकून बांधला आणि बैल लावून नदीवर ओढला. आमच्या लेखी तो जास्त खरा. पोलादाची बाजूही आहेच, अवजड वाहन थांबवता येत नसेल तर पूल मोडण्यापेक्षा तुळई बरी. मॉडेलवर मात्र ट्रक जाणार नाही, तेव्हा ती सबब आपल्याला नाही.

याला जोडून पायाचं. 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुरात व्हरमाँटचा बार्टन्सव्हिल पूल (1870, टाउन जाळी) गेला. जाळी तुटून नव्हे. काठाचा पाया पाण्याने पोखरला आणि त्यावर टेकलेला अख्खा पूल नदीत उतरला. पुढे त्याच जागी पुन्हा टाउन जाळीचाच बांधला. पूर्ण पूल करणाऱ्यांनी म्हणूनच काठाच्या दगडकामावर वेळ घालवावा. थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवलेला सुंदर ट्रस बघवत नाही.

पुढचं काम जमिनीचं. आडव्या तुळया तळाच्या मुख्य कॉर्डवर टेकतात. तिच्या आणि दुय्यम कॉर्डच्या मध्ये 11 मिमी मोकळी जागा आहे, 10 मिमी उंचीची तुळई आरामात जाते. दोन्ही ट्रस बांधायच्या आधीच त्या सरकवून ठेवा, नंतर तिरप्या फळ्यांतून घालणं जिकिरीचं. छप्पर अर्धंच घालणार, आतली बांधणी दिसावी म्हणून. पाट्या स्लेटच्या, निकोल्स पॉवर्सने बांधलेल्या ब्राउन ब्रिजवर (1880, श्रूजबरी, व्हरमाँट) आहेत तशा. 300 जीएसएमच्या काळ्या-करड्या कार्डाचे 8.5 × 17 मिमी तुकडे, अर्धा भाग झाकलेला, आणि सांधे एकाआड एक ओळीत सरकवलेले. कार्डाला गोंद चालेल, छपराच्या पाट्या भार उचलत नाहीत.