नॉर्मचा अर्धा गुण

मंगळवार, रात्री

बुद्धिबळाच्या स्पर्धेहून परत येऊन तीन दिवस झाले. बॅग अजून तशीच पडली आहे, फक्त स्कोअरशीटची कार्बन प्रत बाहेर काढून टेबलावर ठेवली. शेवटच्या फेरीची. एकोणिसाव्या चालीपुढे माझ्याच अक्षरात कंसात बरोबरीचं चिन्ह आहे. समोरच्याला बरोबरी विचारली की ते कागदावर लिहावं लागतं, नियमच आहे. त्याने पाच-सहा मिनिटं पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि चाल केली. म्हणजे नकार.

मला अर्धाच गुण हवा होता, आयएम (इंटरनॅशनल मास्टर) टायटलच्या तिसऱ्या नॉर्मसाठी. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत त्या टायटलच्या दर्जाचं खेळल्याची नोंद. आठ फेऱ्यांत पाच गुण झाले होते आणि नऊ प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची, म्हणजे खेळाची ताकद सांगणाऱ्या आकड्यांची, सरासरी येत होती २३७१. आयएम नॉर्मसाठी कामगिरी, म्हणजे ही सरासरी आणि गुणांप्रमाणे मिळणारी भर, लागते २४५० ची. नऊपैकी साडेपाच केले तर सरासरीत ८० मिळवायचे, म्हणजे सरासरी २३७० असली तरी भागतं. एक आकडा वरच होता! शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्यावर हा हिशेब रात्रीतून चार वेळा केला आणि झोपेचं खोबरं झालं.

सकाळी पांढरी मोहरी माझ्याकडे. त्याने फ्रेंच बचाव लावला आणि मी तिसऱ्याच चालीला प्याद्याने प्यादं मारलं. एक्स्चेंज. बुद्धिबळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, शेवटच्या फेरीत असं मारणारा काय मागत असतो. बरोबरी. त्यालाही कळलं असणार. त्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं आणि जी-एचची प्यादी माझ्या राजावर सोडली. मी प्रत्येक चालीला ‘यात धोका नाही ना’ एवढंच बघत होतो. त्या नादात सगळी मोहरी पहिल्या-दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. बेचाळिसाव्या चालीला डाव सोडला.

आईला सांगितलं, अर्ध्या गुणाने गेला. ती म्हणाली, “मग अर्धा नॉर्म देतात का?”

बुधवार

रेटिंग वाढलं, तेही पंधरा गुणांनी. २३४७ चं २३६२. आयएमला नॉर्मशिवाय २४०० रेटिंगही लागतं, त्यापासून अजून अडतीस लांब. त्यातल्या त्यात बरं हे की २४०० ला एकदा नुसता हात लागला तरी चालतो, अगदी स्पर्धेच्या मध्यात लागला तरी. महिन्याच्या यादीत तो छापून यायची गरज नाही. आणि मिळालेले नॉर्म शिळे होत नाहीत. माझे दोन कपाटात आहेत, मुख्य पंचांच्या सहीचे आयटी-१ फॉर्म, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. तिसरा हवा.

ते दोन्ही क्लोज्ड स्पर्धांमधले. दहा खेळाडू, प्रत्येकाशी एक डाव. पहिली चाल व्हायच्या आधीच कळलेलं असतं की नॉर्म किती गुणांवर आहे. किमान तीन आयएम किंवा जीएम (ग्रँडमास्टर), निम्मे तरी टायटलवाले, दोन परके देश, असं सगळं आयोजकाने आधीच जुळवून ठेवलेलं. बुडापेस्टची ‘फर्स्ट सॅटरडे’ १९९२ पासून याच साच्याची. अभिमन्यू मिश्रा २०२१ च्या जूनमध्ये बुडापेस्टलाच जीएम झाला, १२ वर्षं ४ महिने २५ दिवसांचा असताना. कर्याकिनचा सगळ्यात लहान जीएमचा २००२ पासूनचा विक्रम मोडला. गुकेशचा तो १७ दिवसांनी हुकला होता. हे वाचलं की मी माझं वय मोजत नाही, एवढं शहाणपण आलंय.

क्लोज्डमध्ये टायटलवाल्यांना बसायचे पैसे मिळतात आणि ते आमच्यासारख्या नॉर्मवाल्यांच्या प्रवेश फीतून येतात. यात गैर काही नाही. पण सातव्या फेरीनंतर तिथल्या हवेत एक सुस्ती असते. ज्यांचा नॉर्म गेला ते बारा-पंधरा चालींत बरोबरी करून खोलीवर. मीही केलंय.

गुरुवार

सरांचा फोन. डाव पाहिला म्हणाले. मला वाटलं बचाव कुठे चुकला ते सांगतील.

“तिसऱ्या चालीपुढे मी पाहिलाच नाही,” म्हणाले. “पुढच्या वर्षी कुठे कुठे जाणार आहेस?”

मी दोन क्लोज्ड सांगितल्या. ते नुसतं “हं” म्हणाले. सरांचं “हं” मला चौदा वर्षं माहीत आहे.

शुक्रवार

संध्याकाळभर ओपन स्पर्धांचं, म्हणजे कुणालाही नाव देता येतं अशांचं, कॅलेंडर घेऊन बसलो. आइसलंडची रेक्याविक ओपन, हार्पा सभागृहात. १९६४ च्या पहिल्याच स्पर्धेत माजी विश्वविजेत्या तालने १३ पैकी १२॥ गुण केले होते. आता ती नऊ फेऱ्यांची स्विस आहे, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर, आणि दरवर्षी जीएम भरपूर येतात. ईस्टरला जर्मनीत कार्ल्सरूहची ग्रेंके. तिथे मात्र फॉर्म भरताना गट नीट बघायला हवा. २०२५ मध्ये फ्रीस्टाइलचाही (मागच्या रांगेतली मोहरी दर वेळी वेगळ्या क्रमाने मांडतात तो प्रकार) गट होता, कार्लसनने त्यात ९ पैकी ९ केले. बघायला धमाल, पण फ्रीस्टाइलच्या डावांवर नॉर्म नाही, क्लासिकल गटातच खेळलं पाहिजे. शिवाय पाच दिवसांत नऊ फेऱ्या, म्हणजे चार दिवस दोन-दोन डाव. सकाळी पाच तास हत्तीचा अंतिम डाव खेळून दुपारी नवा प्रतिस्पर्धी. मला ते झेपत नाही, हे मान्य करून टाकलं. जुलैत स्वित्झर्लंडचं बील, डिसेंबरात स्पेनचं सिट्जेस.

ओपनची भीती नेमकी कशाची ते आज कागदावर मांडलं. पहिल्या फेरीत मला एकोणीसशेवाला मिळतो. जिंकलो तरी सरासरी खाली. नियमाने सगळ्यात खालच्या एका प्रतिस्पर्ध्याला आयएम नॉर्मपुरतं २०५० धरतात, एकालाच. त्याच्याशी बरोबरी झाली तर मग दुसऱ्या फेरीतही तसलाच कुणीतरी. उलट जिंकत राहिलो तर वरच्या पटांवर २५००-२६०० वाले भेटतात आणि सरासरी आपोआप चढते. म्हणजे चांगलं खेळलं तरच नॉर्मला लागणारी माणसं समोर बसतात. आणि हजारो मैल जाऊन समोर आपल्याच देशातला मुलगा बसतो ते वेगळंच! नऊपैकी पाचांहून जास्त आपल्या फेडरेशनचे झाले की साधारण नॉर्मवर पाणी.

मध्येच दिव्या देशमुख आठवली. २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि एकही जीएम नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर. ज्युनिअर विश्वविजेत्यालाही ते टायटल थेट मिळतं. माझं वीस कधीच उलटलं, तो रस्ता बंद. पण अंतिम सामन्यात हंपीसमोर बसताना तिने सरासरी काढली नसेल.

शनिवार, पहाटे

क्लोज्डच्या दोन्ही आयोजकांना नाही कळवलं. एकाने लगेच उत्तर पाठवलं, जागा अजून आहे म्हणून. रेक्याविकचा फॉर्म भरला. टायटलच्या रकान्यात ‘एफएम’ (फिडे मास्टर, आयएमच्या खालचं टायटल) निवडलं. जीएमना सवलती जास्त, आम्हाला फार तर फीत थोडी.

झोप येईना म्हणून पट मांडला. पांढरं प्यादं ई ४, काळं ई ६. डी ४, डी ५. हात सवयीने डी ५ कडे गेला. घोडा उचलून सी ३ वर ठेवला. काळ्याकडे आता फ्रेंचचे बाकीचे फाटे, विनावर आहे, क्लासिकल आहे, रुबिनस्टाईन आहे, आणि यातलं मला धड काहीच येत नाही. विनावरपासून सुरुवात केली. उंट बी ४.