तुम्ही विचारलंत म्हणून: प्री-अल्जिब्राला रडणाऱ्या मुलासाठी कुठलं पुस्तक?

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत शनिवारी मराठी शाळा सुटली, की पार्किंगमध्ये कुणीतरी मला हमखास गाठतं. "ताई, तुम्ही लेकीला घरीच शिकवता ना? आमचा प्री-अल्जिब्राला रोज रडतो. तुम्ही कुठलं करिक्युलम घेतलंत?" मुलं गाडीत बसून हॉर्न वाजवत असतात, मलाही घाई असते. मग मी एक नाव सांगून मोकळी होते आणि घरी येईपर्यंत मनाला टोचणी लागलेली असते, कारण नुसतं नाव सांगणं म्हणजे अर्धवट उत्तर देणं. म्हणून आज सविस्तर लिहिते. (प्री-अल्जिब्रा म्हणजे बीजगणिताच्या आधीचा टप्पा: ऋण संख्या, अपूर्णांक, सोपी समीकरणं.)

अडीच वर्षांपूर्वी, सहावीच्या मध्यावर, आम्ही लेकीला शाळेतून काढलं. तिला गणिताच्या पुढच्या तुकडीत टाकलं होतं. हुशार आहे म्हणून टाकलं आणि तिथून पुढे ती रोज रात्री पोटात दुखतंय म्हणायला लागली. नॉर्थ कॅरोलिनात घरी शिकवणं कायद्याने फारसं अवघड नाही. राज्याच्या नॉन-पब्लिक एज्युकेशन विभागाला आधी कळवायचं, शिकवणाऱ्या पालकाचं हायस्कूल झालेलं हवं, वर्षाचे निदान नऊ महिने शाळा चालवायची, हजेरी आणि लसीकरणाची नोंद ठेवायची, आणि वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घ्यायची. त्या चाचणीचा निकाल वर्षभर घरात जपून ठेवायचा. कुठलं पुस्तक, कुठला धडा, किती वेगाने, यातलं काहीही राज्य ठरवत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्यापैकी निम्मे पालक शाळेतून बाहेर पडूनही शाळेच्याच वेळापत्रकाने पळत असतात. मीही पळत होते.

पहिलं पुस्तक मी सगळ्यांनी नावाजलेलं म्हणूनच मागवलं. नाव लिहीत नाही, दोष पुस्तकाचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एक गणित आलं: −३ − (−५). लेकीने −८ लिहिलं. मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने खोडलं, ८ लिहिलं. पुन्हा खोडलं. मग −२. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला, खालच्या पानावरची आकृती भोकातून दिसायला लागली, आणि ती त्या भोकाकडे बघत बसली. रडली नाही. पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली आणि म्हणाली, "आई, आय ॲम जस्ट डम्ब." बारा वर्षांची पोर. ती पेन्सिल नीट ठेवण्याची तिची काळजी मला अजून आठवते.

मग मी तेच केलं जे तुम्ही आता करताय. पुस्तक बदललं. पाच महिन्यांत तीन पुस्तकं झाली. एकात रंगीत चित्रं होती, एकात व्हिडिओ, एकात प्रत्येक पानावर जेमतेम सहा गणितं. पहिले आठ-दहा दिवस बरे जायचे, कारण सुरुवातीचे धडे सोपे असतात. मग पुन्हा तेच वळण, तोच चेहरा. तीन पुस्तकांचं रडं एकच होतं, आणि ते प्रत्येक वेळी ठरावीक जागी यायचं: ऋण संख्या, अपूर्णांक, आणि समीकरणात काहीतरी "दुसऱ्या बाजूला न्यायचं" असलं की. हे मला खूप उशिरा दिसलं. दिसायला हवं होतं, कारण तिची वही रोज मीच तपासत होते; पण मी चूक-बरोबर बघत होते, चूक कुठली ते बघत नव्हते.

तुमच्या मुलासमोर आज रात्री एक कोरा कागद ठेवा आणि एवढंच लिहा: ८ + ४ = ▢ + ५. चौकटीत काय येईल ते विचारा. बरोबर उत्तर ७. माझ्या लेकीने क्षणात १२ लिहिलं. हाच प्रश्न १९९०च्या दशकात इथल्या सहावीच्या मुलांना विचारला गेला होता, आणि त्यांतही भरपूर मुलांनी १२ नाहीतर १७ लिहिलं होतं. त्यांना बेरीज येत नाही असं नाही. पहिलीपासून त्यांनी ३ + ४ = असंच पाहिलेलं असतं, म्हणून बरोबरचं चिन्ह त्यांच्यासाठी "आता उत्तर लिही" अशी आज्ञा असते. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हा अर्थ त्यांच्या डोक्यात कधी शिरलेलाच नसतो. अशा मुलाला तुम्ही "दोन्ही बाजूंतून ५ वजा कर" म्हणालात, तर त्याला तो मंत्र वाटतो. पाठ करतं, दोन दिवसांनी विसरतं, मग स्वतःला ढ म्हणतं.

आम्ही यावर दोन आठवडे घालवले. माझ्या वडिलांचं चाळीसगावला किराणा दुकान होतं, तराजू बघतच मी मोठी झाले. म्हणून एका हँगरच्या दोन टोकांना वाट्या बांधल्या आणि तुरीच्या डाळीच्या सारख्या वजनाच्या पुरचुंड्या केल्या. एका पुरचुंडीत किती डाळ आहे ते लपवायचं, तोच आपला एक्स. एका बाजूचं काढलं की हँगर कलंडतो, दुसऱ्या बाजूचंही तेवढंच काढलं की सरळ होतो. चौथ्या दिवशी ती स्वतःच गणितं रचून मला घालायला लागली.

ऋण संख्यांचं श्रेय माझ्या आईचं. व्हिडिओ कॉलवर नात गप्प बसलेली बघून तिने विचारलं, काय झालं गं? मी गणित सांगितलं. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण दुकानाची उधारीची वही तिने पंचवीस वर्षं सांभाळली. ती नातीला म्हणाली, "हे बघ बाळा, गिऱ्हाइकाकडे आठ रुपये उधारी आहे. आजोबांनी त्यातले पाच माफ केले. आता किती राहिली?" लेक म्हणाली, "थ्री." "उधारीच ना? मग झालं की. उधारी वजा केली म्हणजे त्याच्या खिशात पैसे घातल्यासारखंच." लेक थोडा वेळ थांबली आणि तिनेच विचारलं, "आजी, तीनच रुपये उधारी असली आणि आजोबांनी चुकून पाच खोडले तर?" आई हसली, "मग दोन रुपये त्याचे आपल्याकडे जमा!" तो फाटका कागद अजून पुस्तकात होता. लेकीने तो काढला आणि भोकाच्या शेजारी २ लिहिले.

आपल्या भाषेत या संख्येला ऋणच म्हणतात, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. नियमही तसेच लिहिले गेले. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण असे शब्द वापरून या संख्यांचे नियम मांडले. शून्यातून ऋण वजा केलं की धन मिळतं, हे त्यात आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणिता'त अज्ञात राशीला यावत्-तावत् म्हटलंय, आणि एकाहून जास्त अज्ञात असले की त्यांना रंगांची नावं दिलीत: कालक, नीलक, पीतक. चाळीसगावजवळच्या पाटणला आमच्या शाळेची सहल जायची. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तो उल्लेख असलेला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथलाच. लहानपणी मी तिथे फक्त डबा खाल्ला. लेकीला मात्र हे सांगितल्यावर तिने महिनाभर एक्सच्या जागी निळा ठिपका काढला. मी काढू दिला.

अपूर्णांकांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे जादू काहीच नव्हती. १/२ + १/३ चं उत्तर २/५ येत असेल, तर मूल अंश-छेदांना चार सुट्या संख्या समजतंय. आम्ही पाचवीच्या पातळीवर उतरलो आणि सहा आठवडे समच्छेद करत बसलो. कंटाळा आला, दोघींनाही. पण २/५ हे अर्ध्याहूनही कमी आहे, मग बेरीज कशी असेल, असं ती स्वतः म्हणाली, तेव्हा आम्ही पुढे सरकलो.

या सगळ्यात जवळपास चार महिने प्री-अल्जिब्राचं पुस्तक बंद होतं. घरात ताण आला. नवरा काळजीत पडला, आणि मंडळातल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं, "सातवीत अल्जिब्रा वन नाही झालं तर पुढे कसं?" मी तेव्हा गप्प बसले. आज सांगते: इथे अल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, आठवीत करतात आणि नववीतही करतात, आणि नववीत केलेल्या मुलांचं काही बिघडत नाही. सातवीत ढकललेलं मूल दहावीत गणित टाकून पळतं, ते मी जवळून पाहिलंय. ही घाई आपल्या समाजात जास्त आहे, आणि तिची किंमत मुलं मोजतात.

आता पुस्तकांकडे येते. मूल कसं अडतं, त्यावर निवड करा.

मुलाला शिकलेलं आठवत नसेल, तर सॅक्सनचा विचार करा. प्रत्येक धड्यात तीसेक गणितं असतात आणि त्यांतली बहुतेक जुन्या धड्यांची, त्यामुळे विसरायला फुरसतच मिळत नाही. पण पान भरलेलं बघूनच ज्याचा धीर सुटतो, त्याच्यासमोर ते ठेवू नका. ठेवलंत तर निम्मीच करून घ्या. हाताने धरल्याशिवाय ज्याला पटत नाही, त्याच्यासाठी मॅथ-यू-सी: ठोकळे आहेत, व्हिडिओ आहेत, एका वेळी एकच गोष्ट पक्की करायची पद्धत आहे. अपूर्णांकांसाठी त्यांची स्वतंत्र पायरी आहे, एप्सिलॉन नावाची, आणि तेरा वर्षांच्या मुलाला तिथून सुरू करायला काहीही हरकत नाही. पुस्तकावर इयत्ता छापलेली नसते, ग्रीक अक्षर असतं, म्हणून मुलाला कमीपणाही वाटत नाही. त्यांची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीपासून सुरू करायचं ते सांगणारी चाचणी, फुकट आहे. पुस्तक दुसरं घेणार असलात तरी ती आधी देऊन बघा.

गणितापेक्षा आई-मुलाचं भांडणच मोठं झालं असेल, तर टीचिंग टेक्स्टबुक्ससारखं संगणकावरचं काहीतरी घ्या. तेच शिकवतं, तेच तपासतं, चुकलं तर ते गणित सोडवून दाखवतं. तुम्ही बाजूला होता आणि पुन्हा आई होता. काही घरांना याची फार गरज असते. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचं प्री-अल्जिब्रा मला स्वतःला सर्वांत आवडतं. त्यात आधी प्रश्न येतो, मूल झटापट करतं, मग उलगडा होतो. पण ज्याचा आत्मविश्वास आज मोडलेला आहे, त्याला ते आज देऊ नका. कंटाळ्याने चिडणारी मुलं असतात, त्यांना द्या. तुमचं मूल कंटाळून चिडतंय की न कळून, हे आधी ओळखा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

पैसे खर्च करण्याआधी खान अकॅडमी फुकट आहेच. आणि बालभारतीचं सहावीचं गणित ईबालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, इंग्रजी माध्यमाचंही. पूर्णांक, अपूर्णांक, समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, इथे ज्याला प्री-अल्जिब्रा म्हणतात त्यातलं बरंचसं त्या पातळ पुस्तकात आहे. नंतर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समीकरणांचा धडा त्यातूनच पुन्हा केला.

आम्ही शेवटी मॅथ-यू-सी घेतलं, पण ते मी नाही, लेकीने निवडलं. दोन-तीन ठिकाणचे नमुना धडे तिच्यासमोर ठेवले आणि तिला म्हटलं, तू ठरव, चुकलं तर बदलू. रोज पंचवीस मिनिटं, टायमर लावून. टायमर वाजला की अर्धवट गणितही तिथेच सोडायचं. चौकटीची वही, एका चौकटीत एक अंक, कारण तिच्या निम्म्या चुका चिन्ह हरवल्याच्या होत्या. आणि मी टेबलाच्या पलीकडे न बसता तिच्या शेजारी बसायला लागले. खोडरबर घरातून काढून टाकला. चुकलं की एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा लिहायचं, म्हणजे चूक दिसत राहते आणि उद्या तिच्याबद्दल बोलता येतं. या सगळ्यानंतरही वाईट दिवस येतात. गेल्या मंगळवारीच गुणोत्तरावरून वही आपटून झाली.

तेव्हा पुढच्या शनिवारी पार्किंगमध्ये भेटलात, तर पुस्तकांच्या नावांची यादी नका आणू. मुलाची वही आणा, जास्तीत जास्त खाडाखोड झालेल्या पानाला खूण घालून. हॉर्न वाजू दे, मी थांबते.