छोट्या यूपीएसला मोठी बॅटरी, तेही नागपुरात

मे महिन्यात नागपुरात लाइन गेली की कूलर बंद, पंखा बंद आणि ऑफिसचं काम चालू असलेला कॉम्प्युटरही बंद. पहिल्या दोघांचं काही करता येत नाही, निदान कॉम्प्युटरचं तरी बघू म्हणून यंदा घरच्या जुन्या 600 व्हीएच्या यूपीएसलाच बाहेरून मोठी बॅटरी लावली.

आधी आतली काढली. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). उन्हाळ्यानं तिचं पोट एवढं फुगलं होतं की खोबणीतून निघेचना, शेवटी पत्रा वाकवून ओढली. हिशोब साधा आहे, 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॅट-अवर (84 वॅट तासभर), आणि माझा पीसी, मॉनिटर, राउटर मिळून साधारण 110 वॅट. कागदावर पाऊण तास येतो, पण इतक्या छोट्या बॅटरीतून एवढा करंट ओढला की तिची कपॅसिटीच कमी भरते, वर बॅटरीच्या डीसीचा एसी करंट बनवण्यात थोडी पॉवर जाते, त्यामुळे नवी असतानाही अर्धा तास मिळाला तर नशीब.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानदार म्हणाला, "भाऊ, लावताच आहे तर दीडशेचीच लावा ना, दिवसभर बघायला नको." ऐकायला मस्त, पण राजेहो, या यूपीएसचा चार्जर जेमतेम एक अँपिअरचा, दीडशेची बॅटरी भरायला आठवडा घेईल. आणि ट्रान्सफॉर्मर बनवलाय दहा-पंधरा मिनिटांसाठी, तासन् तास चालवला की तापून वास मारतो. म्हणून 26 अँपिअर-अवरची सीलबंद घेतली. अर्धीच वापरायची म्हटलं तरी तासभर आरामात निघतो आणि एका दिवसात बरीचशी परत भरते. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) जुन्या कॅबिनेटचा 12 व्होल्टचा पंखा बसवला, आता ट्रान्सफॉर्मरला हात लावता येतो. ज्यांना चार-पाच तास पाहिजेत त्यांनी हा उपद्व्याप करूच नये, सरळ यूपीएस मोड (लाइन गेली की झटकन बॅटरीवर येणारा) असलेला प्युअर साइनचा, म्हणजे मेन लाइनसारखाच एसी देणारा इन्व्हर्टर घ्यावा. साध्या मोडवर लाइन पलटायला वेळ लागतो आणि पीसीचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) 16-17 मिलीसेकंदांपेक्षा जास्त दम धरेलच असं नाही.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. 12 व्होल्टवर करंट भरपूर असतो, म्हणून 10 स्क्वेअर एमएमची वायर, जमेल तेवढी आखूड, आणि 40 अँपिअरचा फ्यूज अगदी बॅटरीच्या प्लसजवळ, यूपीएसजवळ नाही. वायर मध्येच कुठे शॉर्ट झाली तर यूपीएसजवळचा फ्यूज काय कामाचा? आणखी एक, काही स्वस्त यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू मेन लाइनपासून वेगळी केलेलीच नसते, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय टर्मिनलला हात नाही, आणि दोन्ही टर्मिनलवर झाकण पाहिजेच.

पण आपल्याकडे खरा वैरी उष्णता. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 डिग्रीला धरलेलं असतं आणि वर दर 10 डिग्रीला ते साधारण निम्मं होतं. नवतप्यात (मे अखेरीचे नऊ तापते दिवस) पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली बॅटरी म्हणजे तव्यावरची भाकर. शिवाय गरम बॅटरीला फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं) कमी लागतं, 25 डिग्रीला 13.6-13.8, 40 ला साधारण पाव व्होल्ट खाली, आणि आपला चार्जर ते बघत नाही. म्हणून माझी बॅटरी टेबलाखाली न ठेवता मधल्या खोलीत, सावलीतल्या फरशीवर, हवा लागेल अशी ठेवली. कूलरच्या तोंडासमोर मात्र नाही, ओलाव्यानं टर्मिनलवर पावडर धरते. पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून ठेवलंय.

राउटर आता यूपीएसवरून काढायचा विचार आहे, तो मुळात 12 व्होल्ट डीसीवरच चालतो, आधी एसी करून मग अॅडॉप्टरनं परत डीसी कशाला करायचं. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागेल कारण चार्जिंगला बॅटरी साडेतेराच्या वर जाते. तो पार्ट आला की लिहितो. आणि हो, फुगलेली जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं असतं, दुकानदार परत घेतो आणि बिलातून काही पैसेही कापतो.