मुंबईच्या खाऱ्या हवेत सायकल सांभाळताना

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून वांद्र्यापर्यंतची रविवार सकाळची राइड मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, माहीम कॉजवे अशी होते. सी लिंकवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे हाच रस्ता. बराचसा प्रवास खाऱ्या वाऱ्यातून, आणि पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर असली की कठड्यावरून उडालेलं पाणी थेट अंगावर. पावसाचं पाणी वाळून जातं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ मात्र तिथेच राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. कोरडी दिसणारी सायकलही आतून गंजते ती यामुळेच.

म्हणून राइडवरून आल्यावर त्याच दिवशी बादलीभर गोडं पाणी घेऊन मगानं सायकल धुवा. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप अजिबात वापरू नका. त्याच्या जोरानं पाणी सील ओलांडून हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि बीबीच्या (पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या) बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुतलं जातं आणि दोन महिन्यांत पेडल मारताना करकर सुरू होते.

चेनला सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात चेन धरून पेडल वीसेक वेळा उलटं फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच तेल. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूनं एकच थेंब. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं तेल पुसून कोरडं करा. हे शेवटचं पुसणंच बहुतेक जण टाळतात. बाहेर राहिलेल्या तेलात रेती चिकटून काळी पेस्ट होते आणि ती पॉलिशपेपरसारखी चेन घासत राहते. पावसाळ्यात वेट ल्यूब (पाण्यानं सहज न धुतलं जाणारं घट्ट तेल), दिवाळीनंतर ड्राय ल्यूब (कोरड्या हवेसाठीचं पातळ तेल) किंवा वॅक्स. गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे. तो आतलं तेलही काढून टाकतो.

महिन्यातून एकदा स्टीलची पट्टी लावून चेन मोजा. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर 12 इंच भरतात (पहिली पिन शून्य धरायची). 1/16 इंच वाढलं की चेन बदलायची. 1/8 इंचापर्यंत थांबलात तर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रंही) गेलेली असते. नवी चेन जुन्या दात्यांवर उडते आणि खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

सीटपोस्टकडे, म्हणजे सीटखालच्या दांड्याकडे, कोणाचं लक्ष जात नाही, पण सर्वात महागडं नुकसान तिथेच होतं. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंची रासायनिक क्रिया होते, पांढरी भुकटी धरते आणि पोस्ट अडकतो तो कायमचा. कार्बन फ्रेममधला ॲल्युमिनियम पोस्टही असाच अडकतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा, उंचीच्या खुणेसाठी टेप लावून, तो बाहेर काढा. सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी निथळू द्या, पोस्ट पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट. बीबीच्या खाली छोटं भोक असेल तर ते चिखलानं बुजलेलं नाही ना, तेही बघा.

मे महिन्यात गंजवण्याचं हेच काम घाम करतो. तो स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बोल्टवर आणि हँडलच्या टेपखाली साचतो. ॲलन बोल्टच्या षटकोनी खाचेत ग्रीसचा ठिपका भरून ठेवला तर खाच गंजून गोल होत नाही.

टायर ओला असताना काच सहज आत घुसते. 28 मिमीच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा 5-10 पीएसआय हवा कमी ठेवा आणि घरी आल्यावर टायरवरून डोळे फिरवून रुतलेले खडे, काचा सुईनं काढा. रिम ब्रेकच्या रबरातही असेच कण रुततात आणि रिमवर चरे पाडतात. पावसात रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक लागतच नाही, म्हणून ग्रुपमध्ये पुढच्या चाकापासून निदान एक पूर्ण सायकलभर अंतर हवं. मागच्या मडगार्डला लांब फ्लॅप लावा, नाहीतर तुमच्या मागच्याच्या तोंडावर चिखल.

आणि समुद्राकडच्या बाल्कनीत प्लॅस्टिकचं कव्हर घालून सायकल ठेवू नका. ओलावा आतच कोंडतो. घरात, भिंतीला टांगून, उघडी ठेवा.