एकाच बोअरच्या दोन बाटल्या

खाण सुरू होण्याआधी तिथलं पाणी कसं होतं याची पक्की नोंद हवी, म्हणून प्रस्तावित युरेनियम खाणीच्या आसपासच्या बोअरचे नमुने आमच्या मुंबईच्या लॅबमध्ये येतात. त्या दिवशी भर पावसात कुर्ला टर्मिनसवरून आणलेल्या खोक्यात एकाच बोअरच्या दोन बाटल्या निघाल्या. एकीत युरेनियम लिटरला ४४ मायक्रोग्रॅम, दुसरीत १७. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३०.

पहिला संशय फ्लोरिमीटरवर, म्हणजे युरेनियमची चमक मोजणाऱ्या यंत्रावर. पाण्यात लोह किंवा क्लोराइड जास्त असलं की युरेनियमची हिरवी चमक मंदावते आणि आकडा खाली येतो. त्यामुळे बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) घालून सामू ७ च्या आसपास आणला, त्याच नमुन्यात माहीत असलेलं युरेनियम थोडं थोडं मिसळून पुन्हा मोजलं. मूळ आकडे तेच निघाले.

मग ४४ वाली बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. तळाशी तांबूस, चिकट गाळाचा पातळ थर. नोंदवहीत कारण सापडलं: १७ वाली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग तिच्यात नायट्रिक ॲसिड घातलेलं, हिच्यात मात्र न गाळताच. ॲसिड पडलं की गंजाला आणि मातीच्या कणांना चिकटलेलं युरेनियम सुटून पाण्यात उतरतं.

एवढा गाळ आला, कारण नमुना घेण्याआधी बोअरमध्ये साचलेलं पाणी पुरेसं उपसलं नव्हतं. १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये मीटरमागे साधारण १८ लिटर पाणी मावतं. चाळीस मीटर पाणी असेल तर सातशे लिटर, आणि तिप्पट उपसायचं म्हणजे एकवीसशे. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप पाऊण तासाहून जास्त चालवावा लागतो, तोही सामू आणि वाहकता स्थिरावेपर्यंत. इथे पंधरा मिनिटांत बाटली भरली होती.

न गाळलेला आकडा टाकाऊ नाही. गावातले लोक पाणी फिल्टर करून पीत नाहीत. पण त्याच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. ४४ हाच मूळ आकडा म्हणून अहवालात गेला, तर उद्या खाणीमुळे विरघळलेलं युरेनियम १७ वरून ४० वर गेलं तरी ‘हे आधीपासूनच होतं’ असं म्हणायला वाट मोकळी. गावकऱ्यांच्या हातात पुरावाच उरणार नाही.

आम्ही दोन्ही आकडे रोखून धरले आणि नव्याने नमुने मागवले: एक गाळून ॲसिड घातलेला, एक न गाळता ॲसिड घातलेला, आणि बायकार्बोनेटसाठी एक बिनॲसिडचा, काठोकाठ भरलेला. बायकार्बोनेट जास्त असलं की युरेनियम त्याच्याशी जोडी करून पाण्याबरोबर लांब जातं. सोबत आणखी एक माहिती मागितली: शोधकामासाठी पाडलेली जुनी भोकं त्या बोअरपासून किती अंतरावर आहेत आणि ती सिमेंटने बुजवली आहेत का. उघड्या भोकातून हवा खाली जाते, तिथलं न विरघळणारं युरेनियम विरघळू लागतं. त्याला खाण सुरू व्हायची गरज नसते.